प्रशिक्षकाचे स्वतःचे लँडिंग कोण मोजणार?



भारतीय विमानतळ प्राधिकरणाने नव्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांसाठी बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी हे विमानतळ निवडले आणि वैमानिकाचे शिक्षण हुबळीपासून शंभरेक किलोमीटरवर, बेळगावच्या सांबरा विमानतळावर आले. इथल्या पालकांना आता मुलांसाठी बारामती, धुळे किंवा गोंदिया एवढेच पर्याय उरलेले नाहीत. प्रवेश घेताना पालक बरेच काही विचारतात. फी किती, विमाने किती, उड्डाणाचे दोनशे तास किती महिन्यांत पुरे होतील? एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. मुलाच्या शेजारी बसणाऱ्या प्रशिक्षकाने स्वतःच्या हाताने शेवटचे लँडिंग कधी केले?

प्रवाशांच्या बाबतीत हा प्रश्न जगभर सोडवलेला आहे. अमेरिका असो की युरोप, मागच्या ९० दिवसांत किमान तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग केलेली नसतील, तर वैमानिकाला प्रवासी घेऊन उडता येत नाही. परवाना खिशात असला तरी हाताची सवय ताजी हवी, हे त्यामागचे साधे सूत्र.

शिकवण्याच्या उड्डाणाला मात्र अमेरिकेने यातून वगळले. प्रशिक्षक आणि विद्यार्थी हे एकमेकांचे प्रवासी नव्हेत, असा खुलासा तिथल्या विमान वाहतूक नियामक एफएएच्या विधी विभागाने २००६ मध्ये केला. म्हणजे ९० दिवसांत एकही लँडिंग न केलेला प्रशिक्षक स्वतःच्या भावाला विमानातून फिरवू शकत नाही, पण विद्यार्थ्याला घेऊन उडू शकतो. उलट त्याच देशात शिकाऊ वैमानिकाला एकट्याने उडायचे असेल, तर त्याच्या लॉगबुकात प्रशिक्षकाची ९० दिवसांच्या आतली सही लागते. शिष्याची उजळणी सक्तीची आणि गुरूची ऐच्छिक, अशी ही व्यवस्था आहे.

यावर हमखास उत्तर मिळते की प्रशिक्षक तर रोजच उडतो, त्याला कसली उजळणी? सर्किटचा सराव कसा चालतो ते पाहिले की या उत्तरातली उणीव कळते. धावपट्टीला समांतर डाउनविंड, मग बेस, मग फायनल आणि टच अँड गो, म्हणजे टेकून लगेच पुन्हा उड्डाण. एक फेरी सहा-सात मिनिटांची. तासाभरात आठ-नऊ लँडिंग होतात आणि ती सगळी विद्यार्थी करतो. प्रशिक्षकाचे हात मांडीवर, कंट्रोलपासून वीतभर दूर. विद्यार्थ्याने नाक जरा लवकर उचलले की सरावाची छोटी सेसना धावपट्टीवर टेकण्याऐवजी पुन्हा वर उचलली जाते, वेग घसरतो, स्टॉलचा भोंगा वाजू लागतो. तेव्हा ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणून विमान हातात घ्यायला दोन-तीन सेकंद मिळतात. महिनोन्‌महिने दुसऱ्याची लँडिंग पाहणाऱ्या माणसाला त्या क्षणी स्वतः करायचे असते, तेही बिघडलेल्या स्थितीतून. शिकवण्याचे तास म्हणजे स्वतः उडवण्याचे तास नव्हेत.

दांडगा अनुभवही इथे पुरत नाही. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफे बेटावर धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. टेक-ऑफची परवानगी मिळण्याआधीच उड्डाणासाठी विमान पळवणारे केएलएम विमान कंपनीचे कॅप्टन फान झांटेन हे त्या कंपनीच्या ७४७ प्रशिक्षणाचे प्रमुख होते. त्याआधी सुमारे बारा आठवडे त्यांनी नेहमीच्या मार्गावर उड्डाण केले नव्हते. त्यांचा बराच वेळ सिम्युलेटरमध्ये शिकवण्यात जाई, आणि तिथे टेक-ऑफची परवानगी प्रशिक्षकच देतो. अपघाताला धुके, रेडिओवरचा गोंधळ अशी इतरही कारणे होती. तरी कॅप्टनच्या तुटलेल्या सरावाची चर्चा आजवर थांबलेली नाही. बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस. केवळ ९० दिवसांचा आकडा गाठून भागत नाही, त्या दिवसांत प्रशिक्षकाने नेमके काय केले तेही पाहावे लागते.

आपल्याकडच्या घटनाही विसरण्याजोग्या नाहीत. जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यात प्रशिक्षण विमान कोसळून प्रशिक्षकाचा मृत्यू झाला, विद्यार्थिनी गंभीर जखमी झाली. मार्च २०२३ मध्ये गोंदियाच्या बिरसीहून उडालेले विमान बालाघाटच्या डोंगरात पडून विमानातले दोघेही गेले. त्याच वर्षी ३० मे रोजी बेळगावजवळ होन्निहाळच्या शेतात प्रशिक्षण विमान तातडीने उतरवावे लागले. या घटनांचा दोष प्रशिक्षकांच्या उजळणीवर टाकणे अन्यायाचे होईल. पण लहान विमानात विद्यार्थ्याची हिंमत संपली की उरतात ते फक्त शेजारच्या माणसाचे हात, ही गोष्ट या घटना आठवून देतात.

भारतात कमर्शियल परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याला २०० तास पाच वर्षांच्या आतले दाखवावे लागतात आणि कमांडच्या १०० तासांपैकी १५ तास शेवटच्या सहा महिन्यांतले. शिकणाऱ्याचा अनुभव ताजा हवा हे आपल्या नियमांनी मान्य केले आहेच. तोच न्याय शिकवणाऱ्यालाही स्पष्ट शब्दांत लागू व्हावा. दर ९० दिवसांत स्वतःच्या हाताने केलेली किमान तीन लँडिंग, रात्री शिकवणाऱ्याची त्यातली काही रात्रीची, आणि त्यांची वेगळी नोंद. पावसाळ्यात ढग खाली उतरले की आपल्याकडे सराव कित्येक दिवस रखडतो. अशा मोठ्या खंडानंतर प्रशिक्षकाने आधी दुसऱ्या प्रशिक्षकासोबत एक फेरी मारावी, मग विद्यार्थ्याला घ्यावे.

खर्चाची सबब टिकणारी नाही. तीन सर्किटला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. विद्यार्थ्याकडून दोनशे तासांचे पैसे घेणाऱ्या संस्थेला प्रत्येक प्रशिक्षकामागे तीन महिन्यांतून एकदा एवढे इंधन जड नाही. ते विद्यार्थ्याच्या बिलात मात्र चढवू नये.

विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएने ऑक्टोबर २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांना श्रेणी द्यायला सुरुवात केली. पहिल्या यादीत ‘ए प्लस’ किंवा ‘ए’ एकाही संस्थेला मिळाली नाही. प्रशिक्षकांच्या स्वतःच्या लँडिंगची नोंद हा त्या मूल्यमापनातला एक निकष करावा आणि ती नोंद विद्यार्थ्यांना पाहता यावी. तोवर हुबळी-धारवाडच्या पालकांनी फीचा पहिला हप्ता भरण्याआधी संस्थेकडे ही नोंद मागावी, आणि ती दाखवायला जी संस्था तयार नसेल तिथे मुलांना घालू नये.

– एक वाचक, धारवाड