बोलीचा भाव आणि गाडीचा भाव



कामगाराच्या दारात चारचाकी उभी राहणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेणे, सुट्टीत सहकुटुंब गावी जाऊन येणे, अशा कामांसाठी ती हवीशी वाटते. नवी गाडी आवाक्यात नसते, म्हणून आपली माणसे सेकंड हँड गाडी पाहतात. त्यात कमीपणा काहीच नाही. पारखून घेतलेली जुनी गाडी पुष्कळ वर्षे साथ देते. परंतु तिच्यासाठी जाणारा पैसा हा निवृत्तीच्या वेळी हाती आलेला फंड असतो, पतपेढीचे कर्ज असते, नाहीतर घरातल्या बाईने मोडलेले डाग असतात. इंजिनाची पारख मिस्त्री करील. आम्हाला बोलायचे आहे ते या पैशाविषयी.

गाडीच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, ‘फक्त २,७५,०००’. आपण भाव पाडायच्या तयारीनेच जातो. गाडी आवडते. ‘दुसरे गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे’ असे सांगून दहा हजार टोकन घेतले जाते. मग दोन दिवसांनी खरा हिशेब पुढे येतो. समजा, तो असा असतो : ट्रान्सफर ९,०००, फाइल चार्ज ५,०००, विमा ११,०००, वॉरंटी ८,०००, कमिशन ५,५००. एकूण ३,१३,५००. म्हणजे काचेवरच्या भावापेक्षा ३८,५०० जास्त. हे आकडे पहिल्या दिवशी सांगितले असते तर आपण उठून गेलो असतो. टोकन अडकल्यावर उठवत नाही. हा सगळा डाव त्या दहा हजारांवर चालतो. म्हणून टोकन शेवटी द्यायचे, हिशेब आधी मागायचा.

आता एकेक रक्कम तपासू.

ट्रान्सफर म्हणजे गाडी आपल्या नावावर करणे. त्यासाठी फॉर्म २९ व ३० भरावे लागतात. केंद्रीय नियमांप्रमाणे खाजगी कारची हस्तांतरणाची फी ३०० रुपये आहे. स्मार्ट कार्डाचे २०० रुपये आणि टपालखर्च वेगळा. कर्जाचा बोजा चढवायचा असेल तर १,५०० रुपये. नऊ हजारांतले बाकीचे पैसे एजंटाच्या मेहनतीचे आहेत. ते देऊच नयेत असे आम्ही म्हणत नाही, पण सरकारी फी किती आणि एजंटाची किती हे वेगळे लिहून मागावे व सरकारी पावती घ्यावी. ‘फाइल चार्ज’ नावाची सरकारी फी नाही. तो कशाचा, हे विचारावे.

विम्याचा नियम लक्षात ठेवावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की चालू पॉलिसी नव्या मालकाकडे आल्याचे मानले जाते. आपण १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा. नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाचाच राहतो. त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागते. पण पॉलिसीचे आठ महिने शिल्लक असताना पूर्ण नव्या विम्याचे पैसे मागितले, तर कारण विचारा.

जी.एस.टी.च्या नावाखाली तर फारच गोंधळ घातला जातो. २५ जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांवर १८ टक्के जी.एस.टी. आहे. पण तो गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही, विक्रेत्याच्या नफ्यावर आहे. त्याने गाडी २,३५,००० ला घेऊन २,७५,००० ला विकली, तर ४०,००० वर ७,२०० रुपये कर होतो. पूर्ण किमतीवर १८ टक्के म्हणून ४९,५०० कोणी सांगितले तर ती दिशाभूल आहे. शेजाऱ्याने किंवा ओळखीच्या नोकरदाराने आपली स्वतःची गाडी विकली तर हा कर लागत नाही.

काही खर्च तर हिशेबाच्या कागदावरही येत नाहीत. ते गाडीबरोबर घरी येतात. जुन्या मालकाची न भरलेली ई-चलने, न फिटलेले कर्ज, संपत आलेली नोंदणी. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतरच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, वर महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, याचे एक उत्तर इथे आहे. आर.सी.वर बँकेचे नाव असेल तर बँकेची एन.ओ.सी. आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पुढे जाऊ नये. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आर.टी.ओ.ची एन.ओ.सी. म्हणजे फॉर्म २८ लागतो आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तो किती आणि कोण भरणार, हे आधी ठरवा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का, तेही पाहा. चलने, विमा आणि बोजा यांची माहिती गाडीचा नंबर घालून परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर घरबसल्या पाहता येते. आपल्याला जमत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना बसवा. त्यांना ते चुटकीसरशी येते.

कर्जाचा हप्ता हा सर्वांत मोठा चकवा. ‘फक्त १२ टक्के’ म्हणतात, पण फ्लॅट की रिड्यूसिंग हे सांगत नाहीत. दोन लाख तीन वर्षांसाठी घेतले, तर फ्लॅट १२ टक्क्यांनी व्याज ७२,००० होते आणि हप्ता सुमारे ७,५५६. फिटत जाणाऱ्या शिलकीवर १२ टक्के असेल तर हप्ता सुमारे ६,६४३ आणि व्याज सुमारे ३९,०००. फ्लॅट १२ म्हणजे प्रत्यक्षात २१ टक्क्यांच्या घरात जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक वा फायनान्स कंपनीने कर्जदाराला कळेल अशा भाषेत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व फी धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. तो कागद मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. त्यात नसलेली फी तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही.

विक्रेता कोण आहे हेही पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने परिवहन खात्याचे अधिकारपत्र घेण्याचा नियम लागू झाला आहे. ते दाखवा म्हणावे. आर.सी.वरचा मालक, विकणारा आणि पैसे घेणारा हे तिघे वेगळे असतील तर तिथेच थांबावे. ‘नावावर नंतर होईल’ हे तर ऐकूच नये. राज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते.

इतके करूनही फसवणूक झाली तर गप्प बसू नये. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकीलच हवा असे नाही. मात्र आयोगापुढे तोंडी बोलण्यापेक्षा कागद बोलतो. पावती नसेल तर आपले म्हणणे लंगडे पडते.

तेव्हा गाडी बघायला जाताना एक वही न्यावी. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा : ‘गाडी माझ्या नावावर होऊन दारात येईपर्यंत एकूण किती?’ तो आकडा, त्यातली प्रत्येक रक्कम आणि टोकन परत मिळण्याची अट त्याच्या सही-शिक्क्यासह लिहून घ्यावी. जो लिहून देत नाही त्याच्याकडे घेऊ नये. आणि वही घरी आणून पत्नीसमोर ठेवावी. महिन्याचा खर्च ती चालवते, हप्ता कुठून निघणार हे तिलाच ठाऊक असते. तिने ‘थांबा’ म्हटले तर थांबावे. बाजारात गाड्यांना तोटा नाही. फंडाचा पैसा मात्र एकदाच हाती येतो.