भंगारात घालण्यापूर्वी ग्राइंडर एकदा उघडून पाहा

पालकहो, उद्यमबागेतल्या फौंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये ज्यांनी आयुष्य काढले, त्यांच्या घरी मागच्या पडवीत नाहीतर जिन्याखाली एखादा जुना बेंच ग्राइंडर पुष्कळदा सापडतो. वर गोणपाट, चाकांवर धूळ, वायरीला ठिकठिकाणी चिकटपट्टी. आजोबा थकले की त्याची अडचण होते आणि दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो. आमचे म्हणणे असे, की ही घाई करू नये.

असे म्हटले की पहिली हरकत येते, नवा स्वस्तात मिळतो. मिळतो खरा, पण स्वस्तातल्या पुष्कळ ग्राइंडरांचे अंग हलके असते. जरा दाब दिला की फेरे मंदावतात आणि टेबल थरथरते. जुन्या बिडाच्या धुडात बहुधा बेअरिंग आणि कपॅसिटर एवढेच गेलेले असते. बटण दाबल्यावर मोटर नुसती हुं हुं करते पण फिरत नाही, तर संशय कपॅसिटरवर घ्यावा. (तो वीज काढल्यावरही धक्का देऊ शकतो, ते काम वायरमनचेच.) प्लग काढून चाक हाताने फिरवले आणि खरखर ऐकू आली, तर बेअरिंग बदलायचे. त्यावर नंबर कोरलेला असतो. ६२०३ मधले शेवटचे ०३ म्हणजे आतला व्यास १७ मि.मी.; ०४ पासून पुढे पाचाने गुणायचे, म्हणून ६२०४ चा २० मि.मी. नववीतल्या मुलाला एवढे सांगून पाहा, तो घरातला पंखाही उघडायला निघेल!

डावीकडच्या चाकाचा नट उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे फिरता फिरता तो सैल होत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे जोर लावून शाफ्टचे आटेच घालवून बसलेली शिकलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

दुसरी हरकत धोक्याची, आणि ती आम्हाला पूर्ण मान्य आहे. १५० मि.मी.चे चाक मिनिटाला सुमारे २८५० फेरे घेते तेव्हा त्याची कड ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने धावत असते. तडकलेल्या चाकाचा तुकडा त्याच वेगाने सुटतो. म्हणून वर्षानुवर्षे पडून असलेला ग्राइंडर आहे तसा कधीही चालू करू नये. चाक काढून बोटावर टांगावे आणि लाकडी मुठीने हलकेच ठोकावे. खणखणीत वाजले तर ठीक. बद्द आवाज आला तर फेकून द्यावे, तिथे काटकसर नको. चाक बसवताना दोन्ही बाजूंना जाड कागदाच्या चकत्या हव्यात. टेका आणि चाक यांत ३ मि.मी.पेक्षा जास्त फट नको, नाहीतर काम आत खेचले जाते. अर्थिंग तपासून घ्यावे. बसवलेले चाक पहिल्यांदा चालू करताना बाजूला उभे राहून मिनिटभर मोकळे फिरू द्यावे. डोळ्यांवर गॉगल हवाच. हातमोजे, लोंबती बाही, ओढणी बिलकूल नको.

मोटरचे वायंडिंग जळले आहे आणि अंगालाही तडा आहे, तर मात्र खुशाल भंगारात घाला. आम्ही जुन्याचे भक्त नाही.

पण चालू होण्यासारखा असेल, तर दुरुस्तीला मुलांना शेजारी बसवा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली याच बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर केला आणि १९१० साली ते किर्लोस्करवाडीला गेले. त्यांचे नाव आपली मुले भाषणस्पर्धेत घेतात, बक्षिसेही आणतात. त्यांतल्या किती जणांनी पाना हातात धरला आहे? छिन्नीला धार लावताना कड निळी पडली की पाणी उतरले, पुन्हा मऊ झाली, म्हणून क्षणाक्षणाला पाण्यात बुडवायची. ॲल्युमिनियम किंवा पितळ या चाकावर धरायचे नाही, चाक चोंदते. हे सांगणारी माणसे आपल्याच गल्लीत आहेत, आपल्याच मराठीत सांगतात, आणि आता सत्तरीपुढची आहेत. ग्राइंडर एक वेळ जुन्या बाजारात पुन्हा मिळेल.

म्हणून आमची सूचना आहे, की एका शनिवारी कार्यानुभवाच्या तासाला अशा एखाद्या आजोबांना शाळेत बोलवावे. प्लग काढलेला ग्राइंडर त्यांनी मुलामुलींसमोर उघडावा आणि पुन्हा जोडावा. चालवायचा तो मोठ्यांनीच. ज्यांच्या घरी असे यंत्र आणि ते उघडणारे हात दोन्ही असतील, त्यांनी दिवाळीच्या सुटीआधी कार्यानुभवाच्या सरांना सांगावे. यंत्र जड असते. न्यायला चार मुले घरी पाठवू.