चुकीची किंमत

‘सेल लागलाय’ हे दोन शब्द कानांवर पडले की आपल्यात ताबडतोब दोन तट पडतात. एका तटाला वाटते, चला, चार पैसे वाचले. दुसरा तट नाक मुरडून म्हणतो, आधी भाव चढवायचा आणि मग उतरवायचा, यात विशेष ते काय? आमच्या महाविद्यालयात पहिला तट वर्गात आणि दुसरा प्राध्यापकांच्या खोलीत जास्त आढळतो, असा माझा अंदाज आहे. पण मुळात दुकानात माल उरतोच का, आणि उरला तर त्याचे नुकसान कोणाच्या गळ्यात पडते, हा प्रश्न दोन्ही तट विचारीत नाहीत. माझ्या मते सेलचा सारा न्यायनिवाडा याच एका प्रश्नावर व्हायला हवा. तो करायचा तर विसाव्या शतकाच्या आरंभीच्या पाश्चात्त्य देशांतील मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरकडे जावे लागते, कारण सेलची रीत घडली ती तिथे.

या दुकानांपूर्वी युरोपातही घासाघीस होतीच. पॅरिसच्या ‘बाँ मार्शे’ दुकानात १८५२ साली भागीदार म्हणून शिरलेल्या आरिस्तीद बूसिको यांनी प्रत्येक वस्तूवर भावाची चिठ्ठी लावली, सर्वांना एकच भाव ठेवला आणि न आवडलेला माल परत घेण्याची हमी दिली. हे सूत्र मग जगभर गेले. मुंबईला हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, ‘व्हाइटअवे लेडलॉ’ कंपनीचे भव्य दुकान होते. तिथे उधारी चालत नसे, म्हणून थट्टेखोर लोकांनी त्या नावाचे ‘राइट अवे अँड पेड फॉर’ करून टाकले होते. (पुढे त्याच इमारतीत खादीचे दुकान आले, हा काळाचा विनोद!)

एकच भाव ही लोकशाहीची गोष्ट खरी. राणी आली काय आणि मोलकरीण आली काय, चिठ्ठीवरचा आकडा बदलत नाही. पण तिच्यात एक अडचण दडलेली होती. घासाघिशीच्या दुकानात शिळा माल गुपचूप स्वस्त होतो. दुकानदार मनातल्या मनात आकडा खाली आणतो आणि गिऱ्हाइकाला वाटते, आपणच जिंकलो. एकभावी दुकानात ही सोय नाही. तिथे भाव उतरवायचा तर चिठ्ठी फाडून दुसरी लावावी लागते, आणि ती सर्वांना दिसते. म्हणजे सेल हे एकभावी दुकानाचेच औरस अपत्य! समोरच्या दाराने हाकललेली घासाघीस मागच्या दाराने परत आली, एवढेच. फरक इतकाच की आता गिऱ्हाईक हुज्जत घालीत नाही, त्याच्या वतीने पंचांग हुज्जत घालते.

पंचांग म्हणण्याचे कारण असे. फॅशनने कापडाला भाजीपाल्याची गत आणून ठेवली. थंडीचा कोट फेब्रुवारीत तितकाच ऊबदार असतो, परंतु वसंताचा माल गोदामात येऊन पडलेला असतो आणि भांडवल कोटांत अडकलेले असते. म्हणून लंडनच्या दुकानांत जानेवारीत आणि जुलैत असे वर्षाकाठी दोन सेल ठरून गेले. वर्तमानपत्रांची पाने जाहिरातींनी भरत आणि दारे उघडण्याआधीच बाहेर रांगा लागत. त्या रांगांतल्या बायकांची विनोदी नियतकालिकांनी केलेली टवाळी प्रसिद्ध आहे. टोप्या चुरगळलेल्या, छत्र्या उगारलेल्या, एकाच फितीच्या दोन टोकांना ओढाताण करणाऱ्या बायका! मला ही टवाळी पटत नाही. वर्षभर काचेतून पाहिलेला कोट अर्ध्या किमतीत मिळत असेल, तर पहाटे उठून रांगेत उभे राहणाऱ्या बाईला अर्थशास्त्र कळत नाही असे कसे म्हणावे? तिच्यापाशी पैसा नव्हता, वेळ होता; तिने वेळ मोजला. शेअरबाजारात धक्काबुक्की करणाऱ्या पुरुषांची चित्रे मात्र कर्तबगारीची ठरत.

आता काउंटरच्या पलीकडे जाऊ. इंग्लंडच्या कापडदुकानांत ‘स्पिफ’ नावाची चीज होती. फॅशन उलटलेला, न खपणारा माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणाऱ्या नोकराला त्या नगावर मिळणारे छोटे बक्षीस म्हणजे स्पिफ. आणि गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेले, तर त्याच नोकराच्या नोकरीवर गदा येई. हे नोकर पुष्कळदा दुकानाच्याच वसतिगृहात राहत, दुकानाचेच अन्न खात आणि बारीकसारीक नियमभंगासाठी दंड भरीत. एच. जी. वेल्स यांनी लहानपणी अशाच दुकानात उमेदवारी केली होती. १९०५ सालच्या ‘किप्स’ कादंबरीत ती उतरली आहे. मार्गारेट बाँडफील्ड ही चौदाव्या वर्षी दुकानात लागलेली मुलगी. पुढे तिने दुकानांतूनच नोकरी करीत गुपचूप या जिण्याची माहिती गोळा केली, आणि १९२९ साली ती ब्रिटनची पहिली स्त्री कॅबिनेट मंत्री झाली. विक्रेत्या मुलींना दिवसभर उभे राहावे लागू नये, दर तिघींमागे निदान एक तरी बसायची जागा असावी, एवढ्यासाठीसुद्धा १८९९ साली पार्लमेंटला कायदा करावा लागला!

हे सांगण्याचा हेतू केवळ करुणा उत्पन्न करणे हा नाही. खरेदी-अधिकाऱ्याने चुकीचा माल घेतला. ती चूक निस्तरण्याचे काम स्पिफच्या मार्गाने अल्पवेतनी नोकराच्या जिभेवर सोपवले गेले आणि भोळ्या गिऱ्हाइकाच्या कपाटात जाऊन पडले. याच्याशेजारी उघड सेल ठेवून पाहा. तिथे दुकान निदान चारचौघांत म्हणते की हा माल आम्हांला खपवता आला नाही, घ्या कमी भावात. स्पिफपेक्षा सेल नक्कीच सभ्य.

पण प्रत्येक सेल असा कबुलीचा असतोच असे नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जॉन वॉनामेकर यांनी १८७८ च्या जानेवारीत चादरी-अभ्र्यांचा ‘पांढरा सेल’ काढला. तो उरलेल्या मालाचा नव्हता, ओस पडणाऱ्या महिन्यात गर्दी खेचण्यासाठी होता. यातही लबाडी नाही. लबाडी सुरू होते ती ‘उरलेला माल’ म्हणून मुद्दाम सेलसाठीच स्वस्तात शिवून घेतलेला माल मांडला जातो तेव्हा. तो कोट उरलेला नसतोच; तो जन्मतःच सेलचा असतो. त्याचा भाव दुकानदाराने उतरवलेला नसतो, तो कुठल्यातरी कोंदट खोलीत शिवणाऱ्या बाईच्या मजुरीतून उतरलेला असतो. १९०६ साली लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये ‘डेली न्यूज’ने अशा कारागिरांचे प्रदर्शन भरवले. बायका तिथे प्रत्यक्ष काम करीत बसल्या होत्या आणि त्यांना मिळणारी मजुरी प्रेक्षकांना वाचायला मिळत होती. स्वस्त वस्तूची दुसरी बाजू अशी समोर आल्यावर अनेकांची झोप उडाली असेल.

या विषयात १९०९ हे साल मला फार बोलके वाटते. मार्चमध्ये गॉर्डन सेल्फ्रिज यांनी ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आपले प्रचंड दुकान उघडले; पुढे त्यातही स्वस्त मालाचे तळघर आले. त्याच वर्षी ब्रिटनने तयार कपड्यांच्या शिवणकामासह चार धंद्यांत किमान मजुरी ठरवणारी मंडळे नेमण्याचा कायदा केला. जर्मनीने अनुचित स्पर्धेविरुद्धच्या कायद्यात माल काढून टाकण्याचा सेल जाहीर करून त्यात नवा माल घुसडणे हा गुन्हा ठरवला. रूढ हंगामी सेल त्यातून वगळले, पण त्यांची संख्या, वेळ आणि मुदत ठरवण्याचा अधिकार प्रशासनाला दिला. जाहिरातीतल्या शब्दाला सरकारने अर्थ विचारला, ही मला मोठी गोष्ट वाटते.

आणि याच सुमारास अमेरिकेतील बॉस्टन शहरात एडवर्ड फाइलीन यांनी आपल्या वडिलांच्या नावाच्या दुकानाखाली ‘ऑटोमॅटिक बार्गेन बेसमेंट’ सुरू केले. त्याची सुरुवातीची रीत अशी होती. प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर ती विक्रीला आल्याची तारीख. विक्रीचे बारा दिवस मूळ भाव. त्यानंतर पंचवीस टक्के सूट, आणखी सहा दिवसांनी पन्नास, आणखी सहा दिवसांनी पंचाहत्तर. त्यानंतरही सहा दिवसांत कोणी घेतली नाही तर वस्तू धर्मादाय संस्थेला फुकट. दहा डॉलरचा झगा साडेसातवर, मग पाचवर, मग अडीचवर उतरायचा आणि तिसाव्या दिवसानंतर दुकानाचा राहायचा नाही. मॅनेजरची मर्जी नाही, विक्रेत्याची जीभ नाही. ज्याला तारीख वाचता येते त्याला उद्याचा भाव ठाऊक. वरच्या मजल्यांवरच्या उरलेल्या मालासाठी निघालेल्या या तळघरात लौकरच इतर दुकानांचा आणि कारखान्यांचाही अडकलेला माल येऊ लागला.

लोकांनी याचे वेड्यात काढण्याइतके हसे केले, आणि पहिली काही वर्षे तोट्याची गेलीही. पण गंमत अशी की धर्मादायाची पाळी फारच थोड्या वस्तूंवर येई. थांबावे की घ्यावे, हा जुगार प्रत्येक गिऱ्हाईक स्वतःशी खेळत असे. आज घेतला तर पाच डॉलर, परवापर्यंत थांबले तर अडीच, पण परवापर्यंत तो तिथे असेल का? काही बिलंदर बायका मनात भरलेला झगा भलत्याच ढिगाखाली लपवून ठेवीत आणि तारीख उलटली की येऊन काढीत. स्त्रियांना कपडे घालून बघायच्या खोल्या तिथे कित्येक दशके नव्हत्या. अंगावरच्या कपड्यांवरच झगे चढवून पाहिले जात. नुकत्याच देशांतर करून आलेल्या कामगार बायका आणि बंगल्यांतल्या श्रीमंत बाया एकाच ढिगात हात घालीत. भावात माणूस पाहिला जात नव्हता, दिवस पाहिला जात होता.

माझ्या मते खरा सेल हाच. इथे चुकीचा हप्ता दुकानदार भरतो, तोही जाहीर वेळापत्रकाने. घड्याळ दुकानाच्या विरुद्ध चालते. आजच्या मोबाईलवरच्या सेलमध्येही घड्याळ असते, ‘फक्त दोन तास उरले’ म्हणून उलटे पळणारे. पण ते आपल्या विरुद्ध चालते. पहिले घड्याळ सांगते, थांबलास तर स्वस्त मिळेल. दुसरे दरडावते, थांबलास तर मुकशील. आमच्या पिढीला दुसऱ्याचीच सवय झाली आहे. युरोपीय संघात २०२२ पासून लागू झालेल्या नियमानुसार सूट जाहीर करताना आधीच्या निदान तीस दिवसांतला सर्वांत कमी भाव दाखवावा लागतो. चढवून उतरवण्याच्या ज्या युक्तीवर प्राध्यापकांच्या खोलीत नाके मुरडली जातात, तिच्यावरचा हा उतारा. फाइलीन यांच्या चिठ्ठीवरही तीसच दिवस होते, हा योगायोग मला आवडतो.

कोणी म्हणेल, हा सगळा व्यापारी हिशेबच होता. त्याला कशाला नीतीचा मुलामा द्यायचा? फाइलीन व्यापारी होते, संत नव्हते, हे मान्य. पण हिशेबाकडे पाहण्याची त्यांची नजर निराळी होती, याचा एक पुरावा आपल्याच देशात आहे. १९०७ साली ते हिंदुस्थानात आले होते. १९०४ च्या कायद्यान्वये निघालेल्या ग्रामीण सहकारी पतसंस्थांचे काम त्यांनी बंगालमध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याबरोबर पाहिले. सावकाराच्या तोंडी भावाने चालणाऱ्या कर्जाऐवजी सभासदांनी ठरवलेला, सर्वांना ठाऊक असलेला व्याजदर! परतल्यावर त्यांनी हा विचार उचलून धरला आणि १९०९ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने पतसंस्थांचा कायदा केला. गल्लीगल्लीतली पतपेढी आणि बॉस्टनचे तळघर यांचे नाते जोडणे कुणाला ओढूनताणून केल्यासारखे वाटेल, पण दोन्हीकडे गरजू माणसाला अंधारात न ठेवता भाव सांगणे हीच गोष्ट आहे.

आपल्या नोकरांनी पुढेमागे दुकानाचे मालक व्हावे, अशीही फाइलीन यांची इच्छा होती. भागीदारांना ती मानवली नाही आणि १९२८ साली दुकानाचा कारभार त्यांच्या हातून गेला. १९३७ साली ते वारले. तळघर त्यांच्यानंतर खूप वर्षे चालले. पुढे त्याच नावाच्या शाखा दूरदूरच्या शहरांत निघाल्या. पण आपोआप उतरणारा भाव त्या शाखांनी घेतला नाही, तो बॉस्टनच्या मूळ तळघरातच राहिला. ते तळघर २००७ साली बंद झाले, आणि २०११ साली शाखांचाही गाशा गुंडाळला गेला, अर्थातच शेवटचा मोठा सेल लावून. त्या सेलमध्ये कोणत्या दिवशी किती सूट मिळणार, हे चिठ्ठीवर लिहिलेले नव्हते.