कुटुंबासाठी होडी घ्यायची तर

पावसाळा ओसरला, नद्यांचे गढूळ पाणी निवळले आणि त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटीच्या पात्रात सजविलेल्या नौका उतरल्या, की गोमंतकातील नद्यांचा सौम्य ऋतू सुरू होतो. तो शिगम्यापर्यंत, फार तर वैशाखापर्यंत टिकतो. या दिवसांत स्वतःची लहानशी होडी घेऊन, बायकामुलांसह एखाद्या काठावर तंबू ठोकून एक-दोन रात्री काढाव्यात अशी हौस आपल्याकडील काही कुटुंबांत उत्पन्न झाली आहे. कोणती होडी घ्यावी, अशी विचारणा करणारे वाचकही आम्हांस अधूनमधून भेटतात. या हौसेचे आम्ही स्वागतच करतो. मोटारीत बसून दूरच्या गर्दीत जाऊन पडण्यापेक्षा आपल्याच नदीच्या कुशीत दोन रात्री घालविणे केव्हाही चांगले.

खरे तर गोमंतकीयास यात नवीन असे काही वाटू नये. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा जुवारीपलीकडे अंत्रूजात गेली ती होडीतूनच. वऱ्हाडे होडीतून गेली, माहेरवाशिणी होडीतून आल्या, नारळ आणि भात होडीतूनच बाजारास लागले. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरील पूल कोसळला तेव्हा राजधानीचे दळणवळण पुन्हा फेरीबोटींच्याच आधारावर आले. परंतु पूल वाढले तशी आमच्या मध्यमवर्गाने नदीकडे पाठ फिरविली. आज आमच्या मुलांना मांडवी दिसते ती गाडीच्या काचेतून आणि उंचावरून. पाणी केव्हा फिरते, गाळ कोठे साचतो, वारा केव्हा उठतो, हे त्यांना ठाऊक नाही. आणि खेदाची गोष्ट अशी की त्यांच्या वडिलांनाही ठाऊक नाही. अशा घरात होडी येते तेव्हा आनंदाबरोबर धोकाही येतो.

होडी घ्यावयास निघालेल्या गृहस्थाचा पहिला प्रश्न बहुधा मोटर किती घोड्यांची हा असतो. दुसरा, रंग कोणता मिळेल हा. आमच्या मते हे दोन्ही प्रश्न अगदी शेवटी विचारावयाचे आहेत. प्रथम विचारावयाचे ते हे की, ही होडी कोणत्या पाण्यात जाणार, तीत किती माणसे व किती ओझे बसणार, आणि घरी परतल्यावर ती ठेवावयाची कोठे.

पाण्याचा विचार आधी करू. मांडवी-जुवारीत भरतीचे पाणी आत सुमारे पन्नास किलोमीटरपर्यंत चढते. मांडवीत ते गांज्यापर्यंत जाणवते. म्हणजे आपल्या सहलीच्या बहुतेक जागा भरती-ओहोटीच्या अमलाखालील आहेत. सकाळी जेथे होडी तरंगत होती तेथे दुपारी चिखल असतो. खोल कण्याची, समुद्रासाठी घडविलेली होडी अशा चिखलावर एका कुशीवर आडवी होते आणि आतील भांडीकुंडी, पाणी, सारे लवंडते. सपाट वा किंचित गोलावा असलेल्या बुडाची होडी मात्र चिखलावर म्हशीसारखी निवांत बसून राहते आणि भरती आली की आपोआप उठते. चार बोटे पाण्यातही ती चालते. खाडीत लाट उठली की तिचे बूड आपटते, अंगावर तुषार येतात, ही तिची उणीव खरी. पण मुखापाशी जाण्याचा हट्ट सोडला तर ती सोसण्यासारखी आहे.

तो हट्ट सोडावाच, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. हिवाळ्या-उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून, वारा सुटतो. त्याच वेळी ओहोटी लागली असेल तर नदीचे पाणी पश्चिमेकडे धावत असते. वारा आणि प्रवाह असे समोरासमोर भिडले की आग्वादच्या बाराजवळ थोड्या वेळात आखूड, उभ्या, फसव्या लाटा तयार होतात. ज्या बारावरून पावसाळ्यात मोठ्या बार्जसुद्धा जाऊ शकत नाहीत, तेथे कुटुंबाची चौदा फुटी होडी नेण्यात पराक्रम कसला? जावयाचे तर नदीच्या वरच्या अंगास जावे; दुपारपूर्वी मुक्काम गाठावा आणि परतीस सकाळ धरावी.

आता आकार. आपल्याकडील कोळ्यांची उलांडी लावलेली अरुंद होडी हे किनारपट्टीच्या बुद्धीचे एक सुंदर फळ आहे. एका बाजूस बांधलेल्या त्या लाकडाच्या बळावर ती लाटेत तोल सांभाळते. परंतु ती दोन जाणत्या माणसांसाठी आणि जाळ्यासाठी आहे. तंबू, पांघरुणे, स्टोव्ह आणि दोन चळवळी मुले तीत मावत नाहीत, आणि काठावरील खारफुटीच्या मुळांत उलांडी अडकते ती वेगळीच. तोल कशाने राहतो हे पाहावयाचे असेल तर कुंभारजुव्याचा सांगोड पाहावा. एकट्या होडीवर उभे राहून जे करता येणार नाही ते दोन होड्या शेजारी बांधून, वर फळ्या टाकून, माणसे किती निर्धास्तपणे करतात! कारण एवढेच की रुंदी वाढली. होडीची रुंदी थोडी वाढविली की स्थैर्य पुष्कळ वाढते. लांबी वाढवून तसे होत नाही.

किती माणसे बसवावीत यासाठी अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा एक सोपा आडाखा आहे. वीस फुटांखालील साध्या होडीची लांबी व रुंदी फुटांत मोजून गुणाकार करावा आणि पंधराने भागावे. येईल तितकी माणसे, तीही चांगल्या हवेत. चौदा फूट लांब व पाच फूट रुंद होडीस हा हिशेब चारांवर थोडा उरतो. नवरा-बायको आणि दोन मुले असे आपले कुटुंब तीत बसले, झाले, असे वाटेल. पण मुक्कामाचे ओझे कोणी मोजावे? चौघांस दोन दिवस पुरेल इतके पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी वीस-पंचवीस किलो, तंबू-पांघरुणे पंधरा-वीस, शिधा आणि भांडी तितकीच, लहान मोटर पंचवीस, इंधन दहा, नांगर व दोर आठ-दहा. आणखी दीड माणूस होडीत बसल्यासारखेच हे आहे. म्हणून चौघांच्या कुटुंबाने सोळा फूट लांब आणि निदान पाच फूट रुंद होडी पाहावी, आणि भरलेल्या होडीची कड पाण्यापासून फूटभर तरी वर राहते ना, हे डोळ्यांनी पाहावे. आजी, मामा आणि शेजाऱ्यांचा मुलगा यांना दुसऱ्या खेपेस न्यावे.

हा कंजूषपणा नव्हे. ७ मे २०२३ रोजी केरळात तानूर येथे मासेमारीच्या होडीचे रूपांतर करून केलेली दुमजली सहलनौका उलटली आणि बावीस जीव गेले. त्यांत मुले पुष्कळ होती. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात, जेथे ना लाट ना प्रवाह, शाळेच्या सहलीची होडी बुडाली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. ज्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबे नांदत आहेत त्या शहरातील ही वार्ता ऐकून आम्हां सर्वांचीच मान खाली गेली. दोन्ही ठिकाणी क्षमतेहून अधिक माणसे होती. हरणीत तर बहुतेक मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेटही नव्हते. घरची होडी म्हणून नियम सैल होतात हे आम्ही नित्य पाहतो. जॅकेट घातले की उकडते, छायाचित्र चांगले येत नाही, या सबबी आम्हांस मान्य नाहीत. मुलास मापाचे जॅकेट हवे. मोठ्याचे जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटते आणि मूल खाली जाते.

लाकूड की फायबर, हा वाद आम्ही फार लांबविणार नाही. लाकडाची होडी देखणी असते, दुरुस्तीस गावचा सुतार पुरतो. पण दर वर्षी ती किनाऱ्यावर ओढून, वाळवून, काजूच्या टरफलांचे तेल पाजावे लागते, नाही तर खाऱ्या पाण्यातील कीड तिला आतून पोखरते. नोकरदार माणसास एवढी निगा होणार नाही. त्याने फायबरची घ्यावी. मात्र तिच्या पोकळीत तरंगणारा फोम भरला आहे की नाही हे विचारून घ्यावे, म्हणजे पाणी भरले तरी ती तळाशी जाणार नाही. जुनी घेत असाल तर मोटर जेथे अडकवितात ती मागची फळी बोटाने दाबून व ठोकून पाहावी. तेथेच सडण्यास आरंभ होतो. हवेच्या रबरी होड्या गाडीच्या डिकीत मावतात म्हणून मोह पाडतात. पण आपल्या खडकांना आणि खारफुटीला चिकटलेली कालवे सुरीसारखी असतात. त्या होड्यांना गोमंतकाच्या नदीत फार आयुष्य आहे असे आम्हांस वाटत नाही.

राहिली मोटर. सोळा फुटी जड होडी आपल्या अंगच्या लाटेत ताशी नऊ-दहा किलोमीटरने चालते. त्यापुढे तिला पाण्यावर उचलून पळवावयाचे तर घोडे तिप्पट-चौपट लागतात, आणि सामानाने भरलेल्या होडीत ते निम्मे वायाच जातात. पाच-सहा घोड्यांची मोटर कुटुंबास पुरेशी आहे. ती बंद पडेलच असे धरून मजबूत वल्ह्यांची जोडी घ्यावी, आणि ती वल्ही घरातील दोघांना तरी मारता यावीत. मोटर लावलेल्या होडीस २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यान्वये तपासणी व नोंदणी लागते, हेही ध्यानी असावे. १९१७ चा जुना कायदा त्याने इतिहासजमा केला आहे.

मुक्कामाविषयी दोन शब्द. भरतीची वेळ काढण्याची आपल्या किनाऱ्यावरील रीत नव्या पिढीने शिकून घ्यावी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास अदमासे येतो. अष्टमीस सहा, एकादशीस सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येस सव्वाअकरा. नदीत आत जावे तशी ती आणखी उशिरा लागते. आता हौशी मंडळी चांदण्यासाठी नेमकी पौर्णिमा निवडतात. त्या रात्री उधाणाचे पाणी, आणि तेही सर्वजण गाढ झोपलेले असताना, मध्यरात्रीच्या सुमारास तंबूत येते! अष्टमीच्या आसपासचे भांगाचे पाणी फार चढत-उतरत नाही. नवख्याने तोच काळ धरावा. तंबू नेहमी काठावरील वाळक्या पाल्याकचऱ्याच्या रेषेच्या वर असावा. कुंभारजुव्याच्या कालव्याच्या काठी मात्र मुक्काम करूच नये. तेथे मगरी आहेत. फोंडे महालातील खाजनशेतकरी मातीची मगर घडवून तिची पूजा करतात ते काही उगीच नव्हे. खाजनांचे बांध ही देखील कोणाची तरी मेहनत आहे. त्यांवर खुंट्या ठोकणे, मानशीच्या दारांना होडी बांधणे, हे गावकऱ्यांशी वैर घेणे होय. आधी विचारावे. गोमंतकातील खेडूत विचारणाऱ्यास सहसा नाही म्हणत नाही.

सरकारकडे आमचे मागणे मोठे नाही. पूल झाल्यामुळे ओस पडलेले फेरीचे जुने धक्के मोडकळीस येऊ न देता तेथे लहान होडी पाण्यात उतरविण्यासाठी उतार बांधून द्यावेत. बंदर कप्तान खात्याने प्रत्येक फेरीधक्क्यावर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा मराठीत व कोकणीत लिहाव्यात. एक फळा आणि एक खडू एवढाच तो खर्च. आणि नदीकाठच्या शाळांतून पोहणे शिकविण्याची सोय व्हावी. जलक्रीडांच्या नावाने पर्यटकांसाठी जेवढी धावपळ होते तिचा शतांशही यास लागणार नाही.

ज्यांनी होडी पसंत करून ठेवली आहे त्यांनी पैसे देण्यापूर्वी एक काम करावे. विकणाऱ्याकडून ती एका सकाळपुरती मागून घ्यावी. घरातील सर्वांनी जॅकेटे घालून तीत बसावे, सामानाच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात, आणि कमरेइतक्या संथ पाण्यात नेऊन सर्वांनी एकदम एकाच कडेला सरकून पाहावे. कड पाण्याला टेकली तर ती होडी मालकास परत करून दुसरी शोधावी.