फियॉर्डची सफर : जहाजाआधी वेळापत्रक

लाभपाचमीचा मुहूर्त करून दुकाने पुन्हा उघडली की आपल्या घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या घरांतून पुढच्या उन्हाळी सुट्टीचा विषय निघतो. दुबई, सिंगापूर, स्वित्झर्लंड बहुतेकांचे पाहून झाले आहे. अलीकडे चौकशी होते ती नॉर्वेच्या फियॉर्डची, आणि तीही जहाजाने. समोर तीन-चार रंगीत पुस्तिका ठेवून माझ्या परिचयाची मंडळी विचारतात, "साहेब, यांतले कोणते जहाज घ्यावे?" बँकेतील चाकरीची सवय म्हणून मी पुस्तिका शेवटाकडून वाचू लागतो, म्हणजे जेथे अक्षर बारीक होते तेथून. त्या वाचनातून माझे असे मत झाले आहे की जहाजाचे नाव ही सर्वांत शेवटी ठरवायची बाब आहे. आधी महिना ठरावा, मग मार्ग, मग स्वयंपाकघर.

फियॉर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली आणि पुढे समुद्राच्या पाण्याने भरलेली दरी. आपल्या कोकणातील दाभोळची किंवा विजयदुर्गाची खाडी आठवावी. तेथेही समुद्र डोंगरांतून आत शिरला आहे. मात्र कोकणची खाडी नदीने घडविली, तर फियॉर्ड बर्फाने खणले. त्यामुळे त्याच्या कडा भिंतीसारख्या उभ्या आणि तळ अतिशय खोल असतो. सोग्नेफियॉर्ड हे नॉर्वेतील सर्वांत लांब. ते सुमारे २०५ किलोमीटर आत गेले आहे आणि त्याची कमाल खोली १,३०० मीटरांहून अधिक आहे. मुंबई ते पुणे रेल्वेचे अंतर १९२ किलोमीटर धरले, तर समुद्र पुण्याच्याही पुढे पोहोचावा असा हा प्रकार आहे.

आता हिशेब पाहा. पुस्तिकेत लिहिलेले असते, "सकाळी ८ : फ्लॉम". फ्लॉम हे गाव सोग्नेफियॉर्डच्या एका आतल्या शाखेच्या टोकाला आहे. जहाज ताशी १८ सागरी मैल, म्हणजे सुमारे ३३ किलोमीटर वेगाने आले असे धरले, तरी फियॉर्डच्या तोंडापासून फ्लॉमपर्यंत पाच-सहा तास लागतात. याचा अर्थ ते रात्री दोन-तीन वाजता आत शिरले आणि ज्यासाठी आपण पैसे मोजले ती निम्मी वाट आपण पांघरुणात पार केली. म्हणून बंदरांची नावे मोजण्याऐवजी प्रत्येक बंदरात येण्याची व निघण्याची वेळ मागून घ्यावी. दुपारी निघून संध्याकाळी उजेडात बाहेर पडणारे जहाज मिळाले, तर येतानाचे नुकसान जाताना भरून निघते. याच कारणाने डावीकडची खोली की उजवीकडची, या वादात मला अर्थ वाटत नाही. फियॉर्ड पुढे बंद असते; जहाज ज्या वाटेने आत जाते त्याच वाटेने परतते आणि दोन्ही काठ पाहून होतात.

निघण्याचे बंदर हा दुसरा मुद्दा. इंग्लंडच्या साउथॅम्प्टनहून निघणारी जहाजे आपल्याकडे पुष्कळ विकली जातात. तेथून सात रात्रींची सहल घेतली तर जाताना एक व येताना एक असे दोन पूर्ण दिवस उत्तर समुद्रात जातात, शिवाय ब्रिटनचा आणि शेंगेनचा असे दोन वेगळे व्हिसा काढावे लागतात. हॅम्बुर्ग, कील किंवा कोपनहेगनहून निघाल्यास समुद्राचा प्रवास टळत नाही, पण एका शेंगेन व्हिसावर काम भागते. नॉर्वे युरोपीय संघात नसला तरी शेंगेनमध्ये आहे.

जहाज केवढे असावे? युनेस्कोने २००५ साली जागतिक वारशात घेतलेल्या दोन फियॉर्डांपैकी गैरांगर १५ किलोमीटर लांब आहे, आणि तेथपर्यंत मोठी जहाजे जातात. दुसरे नॅरॉय. ते एका ठिकाणी अवघे २५० मीटर रुंद आहे. ते पाहायचे तर फ्लॉमला उतरून विजेवर चालणाऱ्या लहान बोटीत बसावे. दोन तासांत ती गुडवांगेनला पोहोचविते. इंजिनाचा आवाज जवळजवळ नाही. मी व सौ. त्या बोटीत होतो तेव्हा धबधब्याचा आवाज बोट वळण घेण्याआधीच कानी येत होता. या वारसा-फियॉर्डांत प्रदूषणरहित जहाजांचा नियम १०,००० टनांखालील प्रवासी जहाजांना २०२६ पासून आणि त्याहून मोठ्यांना २०३२ पासून लावण्याचे नॉर्वे सरकारने ठरविले आहे. त्यामुळे पुढील काही वर्षांत मार्ग बदलत राहतील. जुनी पुस्तिका पाहून आरक्षण करू नये.

व्यापारी घरांना आवडावा असा एक तिसरा प्रकारही आहे. रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने १८९३ साली ट्रोन्डहाइम ते हॅमरफेस्ट अशी टपाल, माल व माणसे नेणारी आगबोट सुरू केली. तीच आजची हुर्टिग्रूटेन. बर्गन ते किर्केनेस आणि परत अशी तिची बारा दिवसांची फेरी असून जाता-येता ती ३४ बंदरे घेते. २०२१ पासून हाविला ही दुसरी कंपनीही याच मार्गावर आहे. मध्यरात्री एखाद्या लहान धक्क्यावर बोट लागते, खोकी उतरतात, दोन गावकरी चढतात आणि अर्ध्या तासात बोट पुढे निघते. जुन्या वाचकांना भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले करीत पणजीला जाणारी कोकणबोट आठवेल. जाताना जी बंदरे रात्री लागतात ती परतीच्या वाटेवर दिवसा लागतात, म्हणून ही फेरी अर्धी करू नये असे जाणकार सांगतात. नाटक-तमाशे, जलतरण-तलाव, रोषणाई यांचा ज्यांना कंटाळा आहे त्यांच्यासाठी ही उत्तम. मात्र ही बोट ध्रुववृत्ताच्या वर जाते, आणि आपल्या घरांत खरी अडचण तेथेच उभी राहते.

मुलुंडमधील एका परिचित कुटुंबाची गोष्ट सांगतो. आजी-आजोबांच्या विवाहाची पन्नास वर्षे, म्हणून तीन पिढ्यांतील नऊ माणसे निघणार होती. मुलांनी जूनमधील नॉर्थ केपची सहल निवडली होती आणि आगाऊ रक्कम भरायची तेवढी बाकी होती. आजींचा चौविहार चाळीस वर्षांचा. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "जिथे सूर्य मावळतच नाही, तिथे मी पाणी कधी थांबवायचे?" नॉर्थ केपला मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य क्षितिजाखाली जात नाही, ट्रॉमसोला सुमारे २० मे ते २२ जुलै हीच स्थिती असते. घरात कोणाजवळ उत्तर नव्हते. एक सूनबाई म्हणाल्या, मुंबईची वेळ धरू. मुलगा म्हणाला, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. आजोबा काहीच बोलले नाहीत, पण आपण दोघे घरीच राहतो असे त्यांनी दुसऱ्या दिवशी मोठ्या मुलाला सांगितले.

नियमाचा निर्णय द्यायचा अधिकार माझा नाही. तो महाराजसाहेबांना विचारावा आणि पैसे भरण्यापूर्वी विचारावा. मार्गाचा सल्ला मात्र मी दिला. बर्गन, फ्लॉम, गैरांगर, ओलेसुन हा सगळा पट्टा ध्रुववृत्ताच्या पुष्कळ खाली आहे आणि तेथे सूर्य रोज मावळतो. बर्गनला मेच्या मध्यास तो रात्री दहाच्या सुमारास जातो, २१ जूनला अकरा वाजून गेल्यावर. म्हणजे चौविहाराला अडचण नाहीच, उलट जहाजावरचे रात्रीचे जेवण बहुतेक सूर्यास्तापूर्वीच येते. संध्याकाळचे प्रतिक्रमण मात्र फार उशिरा जाते, त्याची मनाची तयारी हवी. त्या कुटुंबाने नॉर्थ केप सोडून मे महिन्यातील दक्षिणेकडची सात रात्रींची सहल घेतली, आणि नऊच्या नऊ तिकिटे निघाली.

मे महिना मला इतर कारणांनीही पसंत आहे. जुलैत चातुर्मास बसतो आणि त्यानंतर पुष्कळ घरे दूरचा प्रवास टाळतात. शाळांना सुट्टी असते. बर्फ वितळत असल्याने धबधबे भरून वाहतात, हार्डांगर फियॉर्डच्या काठी सफरचंदांना बहर असतो, आणि भाडे सहसा जुलैपेक्षा कमी असते. उणी बाजूही सांगतो : डोंगरमाथ्यावरचे काही घाटरस्ते मेअखेरीपर्यंत बर्फामुळे बंद असतात आणि हवा गार असते. पाऊस बाराही महिने गृहीत धरावा. बर्गनला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, जवळजवळ मुंबईएवढाच. आपला चार महिन्यांत उरकतो, त्यांचा वर्षभर पुरतो.

भोजनाविषयी. "व्हेज मिळेल" या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. युरोपात शाकाहारी म्हणून दिलेल्या पदार्थात अंडे असू शकते, चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट आणि गोड पदार्थात जिलेटिन असू शकते. आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे आणि 'जैन' हा शब्द लिहून थांबू नये. मांस, मासे, अंडी, मध, मशरूम, जिलेटिन व प्राणिज रेनेट नको; कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट, मुळा, आले नको; असे एकेक नाव लिहावे आणि जहाज कंपनीचे लेखी उत्तर जपून ठेवावे. आठम-चौदसला हिरवी भाजी न घेणाऱ्यांनी त्या तारखाही कळवाव्यात, म्हणजे डाळ-भात तरी मिळतो. मोठ्या जहाजांवर भारतीय स्वयंपाकी असण्याची शक्यता अधिक, आणि वृद्धांना घेऊन जाणाऱ्यांनी मोठे जहाज घ्यावे असे मी म्हणतो ते मुख्यतः याच कारणाने. खाखरे, कोरडा नाश्ता न्यावा. परंतु दूध व दुधापासूनचे पदार्थ भारतातून तेथे नेण्यास मनाई आहे, तेव्हा पेढे-बर्फी घरीच राहू द्यावी. खोलीत इलेक्ट्रिक किटली वा शेगडी लावू देत नाहीत. ज्यांना एवढ्यावरही भरवसा वाटत नाही त्यांनी जहाजाचा नाद सोडून बर्गनला स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे आणि रेल्वे व लहान बोटींनी फियॉर्ड पाहावेत. मीर्डाल ते फ्लॉम ही २० किलोमीटरची रेल्वे ८६० मीटरांहून अधिक उंची उतरते. तिच्यासाठी जहाज लागत नाही.

पैशाचे थोडक्यात. जाहिरातीतील भाडे एका खोलीत दोघे धरून दर माणशी असते. त्यात सेवकांची रोजची बक्षिसी, किनाऱ्यावरच्या सहली, इंटरनेट आणि मुंबईहून बंदरापर्यंतचे विमान बहुधा नसते. पेयांचे पॅकेज मुख्यतः मद्यासाठी असते, त्याचे पैसे आपण का भरावेत? परदेश सहलीच्या पॅकेजवर ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस कापला जातो. त्याचे दर अनेकदा बदलले आहेत, तेव्हा चालू दर आपल्या सीएंना विचारावा. तो खर्च नव्हे. २६एएसमध्ये दिसतो आणि करात वळता होतो. म्हणून ज्याला कर भरायचा असतो त्याच्याच पॅनवर आरक्षण करणे सोयीचे. आणखी एक. परदेशी रक्कम पाठविण्याची एलआरएस सवलत निवासी व्यक्तींसाठी आहे. भागीदारी फर्म वा एचयूएफ यांच्या खात्यातून कौटुंबिक सहलीचे पैसे पाठवू नयेत. बँकेत असताना हा वाद मी फार वेळा सोडविला आहे. तेथे कार्ड वापरताना यंत्र रुपयांत की क्रोनरमध्ये असे विचारील. क्रोनर निवडावे. रुपयांतील दर दुकानदाराच्या बँकेचा असतो आणि तो महाग पडतो.

ज्यांनी जहाजात एकही रात्र काढलेली नाही त्यांनी एवढी रक्कम गुंतविण्याआधी मुंबईहून दोन-तीन रात्रींची सहल करून पाहावी. २०२१ पासून कॉर्डेलियाचे जहाज येथून गोव्याकडे जाते आणि जैन भोजन देत असल्याचे ती कंपनी सांगते. आजोबांना समुद्र लागतो का, आजींना जिने झेपतात का, चार जेवणांत काय मिळते, हे त्यात कळते. अनेक फियॉर्ड-गावांना मोठे जहाज धक्क्याला न लागता लहान होडीतून उतरावे लागते, त्यामुळे गुडघ्यांची परीक्षाही येथेच झालेली बरी. हे डिसेंबर-जानेवारीत उरकावे. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. त्याला किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट तीन महिने तरी वैध असावा लागतो. घरातील सर्वांचे पासपोर्ट आजच कपाटातून काढून त्यांच्या तारखा पाहाव्यात.