नोटीस कुलपाला नको, फडावर न्या

मंठा तालुक्यातल्या एका वकील भगिनीने पत्रासोबत परत आलेल्या नोटिशीची झेरॉक्स पाठवली आहे. शेरा असा : ‘घरास कुलूप. इसम ऊसतोडीस बाहेरगावी. सबब विनाबजावणी परत.’ पुढच्या तारखेलाही शेरा तोच. अर्जदार बाई हाताला प्लास्टर घालून माहेरी बसली आहे. फडावरच्या कोपीतून ती एकटी एसटीने आली. दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या की पाडव्यापर्यंत घरं बंद असतात, हे पोलिसांना आणि संरक्षण अधिकाऱ्यांना आम्ही सांगायला हवं का? कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 13 मध्ये बजावणीला दोन दिवस आहेत, कलम 12 मध्ये निकालाला साठ!

शेजारचे कायदे पाहा. नेपाळच्या 2009 च्या कायद्यात घरातली हिंसा हाच गुन्हा, कैद सहा महिन्यांपर्यंत; पण तक्रार नव्वद दिवसांत करावी लागते. ती अट इथे असती तर हंगाम संपेपर्यंत फडावर अडकलेल्या बाईचा हक्कच बुडाला असता. बांगलादेशच्या 2010 च्या कायद्यात आपल्यासारखाच आधी आदेश, तो मोडला तर गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार टाका दंड. आपलं कलम 31 याहून कडक आहे : एक वर्ष, वीस हजार, दखलपात्र, अजामीनपात्र. पण नोटीसच बजावली जात नसेल तर आदेश कधी होणार आणि हे कलम लागणार कधी?

आपल्या कायद्याखालच्या 2006 च्या नियमांतला बारावा नियम काढून वाचा. गैरअर्जदार राहतो तिथे किंवा काम करतो तिथे बजावणी करता येते. ज्या मुकादमाने उचल दिली, त्याला आपली टोळी आज कुठल्या फडात आहे हे पक्कं ठाऊक असतं.

तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये सांगितलं. नुसतं पदनाम नको. त्या माणसाला गाडी द्या, प्रवासभत्ता द्या, परजिल्ह्यात जाण्याची परवानगी द्या.

आणि वकील मित्रांनो, आपलंही चुकतं. अर्जात गावाचा पत्ता लिहून आपण मोकळे होतो. कारखाना, गट, मुकादमाचं नाव, त्याचा मोबाइल नंबर पहिल्याच पानावर लिहा. नमुना 3 चं शपथपत्र जोडून कलम 23 खाली एकतर्फी अंतरिम आदेश त्याच दिवशी मागा. ज्यांचे अर्ज बजावणीअभावी पडून आहेत, त्यांनी पुढच्या तारखेची वाट न पाहता याच आठवड्यात नवा पत्ता दाखल करा. गाळप संपलं की टोळ्या पांगतील.