लष्कराच्या भाकऱ्या आणि घरचा तवा

घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजू नयेत, असे आपल्याकडे म्हणतात. सुटीच्या दिवशी दुसऱ्या तालुक्यात आरोग्य शिबिराला निघालेल्या डॉक्टरला, शाळा सुटल्यावर कोलाम गुड्यावर मुलांना शिकवायला जाणाऱ्या मास्तरांना, रक्तदान शिबिरासाठी धावपळ करणाऱ्या कारखान्यातल्या कामगाराला हे वाक्य घरात कधी ना कधी ऐकावे लागते. बोलणाऱ्याचा राग भाकऱ्यांवर नसतो, घरचा तवा थंड राहतो त्यावर असतो. आणि वैद्यकीय दृष्टीने पाहिले, तर हा राग बराचसा रास्त असतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे सेवेच्या कामासाठी महाराष्ट्रभर ओळखले जातात. वरोऱ्याचे आनंदवन, मूल तालुक्यातले सोमनाथ, १९७३ साली सुरू झालेला हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प, चातगावजवळचे ‘सर्च’चे शोधग्राम. नागपूर, पुणे, मुंबईहून माणसे इथे येतात आणि आपल्या कोरपना-राजुऱ्याकडूनही जातात. मात्र या कामांची आपल्या मनातली मोजपट्टी ही आयुष्य वाहून घेतलेल्या माणसांची आहे. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे काय किंवा डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग काय, या दांपत्यांनी घरच कामाच्या जागी नेले. घर आणि सेवा यांच्यात त्यांनी अंतर ठेवले नाही. नोकरी, मुलाची बारावी, आईचे गुडघे आणि चार एकर कापूस सांभाळणाऱ्या माणसाला ती मोजपट्टी लागू पडत नाही. तरी तो तीच लावतो, वर्षभर झेपेल त्याहून जास्त धावतो आणि दुसऱ्या वर्षी सगळेच सोडून देतो.

आधी शरीराचे म्हणणे ऐकू. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळला. अभ्यास पगारी कामाचा होता. पण झोप आणि विश्रांती कापून केलेली धावपळ सेवेची आहे म्हणून रक्तदाब तिला सूट देत नाही. शरीराचे हजेरीपुस्तक एकच असते. डॉ. अभय बंग यांना ऐन चाळिशीत हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा ते गडचिरोलीतले अत्यंत मोलाचे काम करत होते. त्यानंतर आहार, चालणे, ध्यान आणि नाती यांच्याकडे त्यांनी नव्याने कसे पाहिले, हे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकातून हजारो वाचकांपर्यंत पोहोचले आहे.

म्हणून सेवा करू नये का? तसे अजिबात नाही. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या सुमारे १३ हजार लोकांचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला किमान १०० तास स्वयंसेवा करणाऱ्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण कमी होते आणि हालचालींवर मर्यादा येण्याचे प्रमाणही कमी होते. मुळात धडधाकट असलेली माणसेच सेवेला बाहेर पडतात, त्यामुळे सगळे श्रेय सेवेला देता येणार नाही. पण १०० तास हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. आठवड्याला दोन तास, किंवा महिन्यातला एक रविवार. त्यासाठी संन्यास घ्यावा लागत नाही.

मैत्री आणि नात्यांची बाजू तर याहून भक्कम आहे. २०१० मध्ये १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांची माणसांशी घट्ट नाती होती, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक होती. गावातल्या मित्रासोबत पारावर बसणे किंवा बहिणीकडे जेवायला जाणे, यांची गणना आपण मोकळ्या वेळात करतो. ती औषधाच्या वेळेत करायला हवी. सेवेसाठी हाच वेळ कापला, तर एका हाताने मिळवलेले आरोग्य दुसऱ्या हाताने घालवल्यासारखे होईल.

आता रुग्णाच्या बाजूने पाहू. एखाद्या गावात तपासणी शिबिर होते. कुणाचा रक्तदाब १७० वर १०० निघतो. दहा दिवसांच्या गोळ्या मिळतात, फोटो निघतात, गाड्या परत जातात. उच्च रक्तदाबाचा उपचार बहुधा आयुष्यभराचा असतो. अकराव्या दिवशी गोळी कोण देणार? आपल्या भागातल्या सिकलसेलचेही तसेच. एकदा रक्त तपासून निदान होईल, पण रोजची गोळी, भरपूर पाणी आणि ताप आल्याबरोबर दवाखाना हे त्या घराला पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

पुन्हा पुन्हा जाण्याने काय होते, हे गडचिरोलीनेच जगाला दाखवले आहे. ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. तिथे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, हा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तिथे बाळाच्या घरी मोठ्या शहराचा तज्ज्ञ जात नव्हता. गावातलीच शिकलेली बाई त्याच घरी ठरल्या दिवशी परत जात होती. आज आशाताई बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी जातात, त्यामागे हाच विचार आहे. शोधग्राममध्ये मुंबईचे मणकातज्ज्ञ येऊन शस्त्रक्रिया करतात, तेही शक्य होते कारण ते पुन्हा पुन्हा येतात आणि मधल्या काळात रुग्ण सांभाळणारे रुग्णालय तिथे कायम आहे.

म्हणजे रुग्णाला जी सेवा उपयोगी पडते, तीच सेवा करणाऱ्याच्या घरालाही झेपते. छोटी, ठरलेली, एकाच जागी आणि पुन्हा पुन्हा केलेली. वर्षात बारा ठिकाणी बारा शिबिरे करण्यापेक्षा एकाच गावात बारा वेळा गेलेले बरे.

ठरलेली म्हणजे कॅलेंडरवर लिहिलेली. राज्य शासनाचा पाच दिवसांचा आठवडा २०२० मध्ये सुरू झाला, पण रुग्णालयांना तो लागू नाही. वर्षाच्या आठ किरकोळ रजा लग्नकार्यात आणि आजारपणात संपतात. सिमेंट कारखान्यातल्या कामगाराची पाळी आठवड्यागणिक बदलते. अशा वेळी आधी आईची तपासणी, मुलांच्या परीक्षा आणि घरचा एक पूर्ण रविवार लिहावा, मग सेवेचा. उरलेल्या निमंत्रणांना नम्रपणे नाही म्हणावे. सेवेचा वेळ काढायचाच असेल, तर मोबाइलवर जाणारा वेळ कापावा. झोपेचा कापू नये.

प्रवासाबद्दल दोन गोष्टी. कोरपन्याहून हेमलकसा म्हणजे राजुरा, बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असा लांबचा आणि जंगलाचा रस्ता. ड्युटी संपवून रात्रीच गाडी काढण्याचा मोह होतो. सलग १७ तास जागे राहिल्यावर मेंदूची सावधता रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतकी घसरते, असे प्रयोगात दिसले आहे. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सोमवारची ड्युटी गाठायला रविवारी रात्रभर गाडी चालवणारा स्वयंसेवक दारू न पिताही त्या मर्यादेपलीकडे असतो. दुसरी गोष्ट हिवतापाची. गडचिरोलीच्या जंगलात मच्छरदाणीशिवाय झोपू नका. परतल्यावर महिनाभरात ताप आला, तर रक्त तपासा आणि कुठे जाऊन आलात ते डॉक्टरांना आठवणीने सांगा. मेंदूपर्यंत जाणारा फाल्सिपेरम हिवताप तिथे आढळतो.

मित्रांना सोबत घ्या. एका गाडीत चौघे गेले की रस्त्यात गप्पाही होतात आणि गाडी आळीपाळीने चालवता येते. मोठ्या मुलांनाही न्यावे. सोमनाथची श्रमसंस्कार छावणी पिढ्यान्‌पिढ्या तरुणांना घडवत आली आहे. फक्त कुणाच्या गरिबीचे किंवा आजाराचे फोटो काढायचे नाहीत, हे निघण्याआधीच त्यांना सांगावे.

शेवटी पुन्हा तव्याकडे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. त्यामुळे पुरुष सेवेला बाहेर पडतो, तेव्हा त्याचा रविवार बहुतेक वेळा बायकोच्या कामावर उभा असतो. तिच्या सेवेची बातमी कुठे छापून येत नाही. तिलाही गावातल्या मुलींना शिकवायचे असते, मैत्रिणींसोबत दोन दिवस कुठे जायचे असते, नाहीतर नुसते निवांत बसायचे असते. महिन्यातला एक रविवार आपला असेल, तर एक रविवार तिचा ठरवा आणि त्या दिवशी तव्यापाशी आपण उभे राहा. आपल्या सेवेचे वेळापत्रक खरेच बसले आहे की नाही, हे त्या रविवारी कळेल.